धाविकासाठी सात दगड

१७ एप्रिल २०२५, गुरुवार

“तांड्यावरच्या आयाबायांनो, ज्या माळावर तुमच्या आज्यांनी गुरं चारली त्या माळाला तार पडली, आणि तुम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही!”

हे माझं वाक्य. मागच्या हिवाळ्यात, दिग्रसला, तहसीलसमोर. टाळ्या इतक्या पडल्या की पुढचं वाक्य सुरू करायला थांबावं लागलं.

आज त्याच तारेच्या आत उभी होते. डोक्यावर कंपनीचं पांढरं हेल्मेट.

लिहून ठेवते, म्हणजे विसरायची सोय राहणार नाही.

सौर प्रकल्पाला परवानगी मिळाली ती एका अटीवर. काम चालू असताना माळावरच्या प्राण्या-पक्ष्यांवर लक्ष ठेवणारं माणूस जागेवर पाहिजे. ते माणूस मी. यंत्राच्या पुढे चालायचं. घरटं, बीळ, पिल्लू दिसलं की भोवती लाल झेंड्या रोवायच्या. झेंड्यांच्या आत काम बंद. बाहेरून ओरडून तार पडायची थांबली नाही, तर आत राहून निदान काही जीव वाचवू — हे कारण खरं आहे. फक्त मी ते स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता भाषणासारखं वाटायला लागलंय.

जेसीबीवर बबलू आहे. आमच्याच तांड्यातला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. मला पाहून यंत्र बंद केलं आणि वरूनच विचारलं, “अंजूताई, माइक कुठं ठेवला? हेल्मेटात?” सगळे हसले. मीही हसले. दुसरं काय करणार!

तारेपलीकडे सोनीबाई शेळ्या घेऊन उभ्या होत्या. आमच्या शेजारच्या. आई गेल्यापासून सणाला लापशी त्यांच्याकडूनच येते. “काकी!” म्हणून हाक मारली. त्यांनी हेल्मेटकडे पाहिलं. मग शेळ्यांकडे पाहिलं. निघून गेल्या.


२१ एप्रिल

सापडला! सापडला!

धाविक. पुस्तकात चित्र पाहिलं होतं, प्रत्यक्षात पहिल्यांदाच. टिटवीचा लाजरा भाऊ म्हणावा असा. अंगाचा रंग मातीचा, डोकं विटकरी, डोळ्यावरून मागे गेलेली पांढरी रेघ. पाय उंच. तुरुतुरु पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. उडायचा कंटाळा असल्यासारखा. याला झाड नको, झुडूप नको, पाणीही नावापुरतं. उघडी, मुरमाड, तापलेली जमीन पाहिजे. म्हणजे सरकारी कागदावर जिला “पडीक” म्हणतात ती! साऱ्या जगाला जी जमीन नको, तीच फक्त याला पाहिजे. आणि आता कंपनीलाही तीच पाहिजे.

घरटं म्हणजे घरटं नाहीच. दोन अंडी, खड्यांत पडलेले दोन खडे. मी पाऊल उचललेलं तसंच हवेत ठेवलं.

झेंड्या रोवल्या. लाल, कडक, वाऱ्यात फडफडणाऱ्या. संध्याकाळी घरी येताना वाटलं, याच्यासाठी हेल्मेट घातलं असेल तर घातलं.


२४ एप्रिल

घरटं गेलं.

सकाळी गेले तर जेसीबीच्या चाकांचे पट्टे आरपार. झेंड्या उपटून बाजूला टाकलेल्या. एका झेंडीने कोणीतरी यंत्राचं ऑइल पुसलेलं.


२५ एप्रिल

बबलूला विचारलं. तो म्हणाला, झेंडी दिसली नाही. ऑइल पुसायला दिसली ना, म्हटलं. मान खाली घालून उभा राहिला. त्याला म्हणे कोणीतरी सांगितलं होतं की आजच्या आज पट्टा साफ पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे कपिल. साइट इंजिनिअर, अमरावतीचा. वाईट माणूस नाही. घाईतला माणूस आहे. माझ्यासाठी खुर्ची ओढली, थंड पाणी दिलं, आणि म्हणाला, “मॅडम, कायले एवढं टेन्शन घेऊन राह्यल्या? माळ मोठा आहे. पाखरू दुसरीकडं जाईल.”

मी बोलले. फार चांगलं बोलले! उघड्या जमिनीवर, ओसाड म्हणून हिणवलेल्या जिवांवर, ज्यांच्या बाजूने कोणी उभं राहत नाही त्यांच्यावर. कपिलने फोन उलटा ठेवून ऐकलं. शेवटी म्हणाला, “तुम्ही खरंच भारी बोलता.”

आणि आज दुपारी पट्टा पुढे सरकला.

या गावात, या तालुक्यात, माझं बोलणं ऐकून कोणी रडलं नाही असं झालेलं नाही. एक यंत्र मात्र थांबलं नाही.


२८ एप्रिल

दुसरी जोडी. हिवराच्या खुंटापासून थोडी आत, अगदी सौर पॅनेलच्या ओळीच्या वाटेवर. दोन अंडी. यंत्र परवा तिथे पोहोचणार.

झेंड्या आहेत माझ्याकडे. झेंड्यांचं काय होतं तेही ठाऊक आहे.

आणि मग मी जे केलं ते लिहिते.

दिग्रसला जाऊन शेंदूर आणला. दुकानदाराने विचारलं, कोणत्या देवीसाठी? आमच्याच, म्हणाले. केबलच्या चरातले गुळगुळीत सात दगड निवडले. घरट्यापासून जरा अंतरावर, ओळीने मांडले, साती भवानीच्या, आमच्या सात बहिणी-देवींच्या, मांडतात तसे. शेंदूर फासला. लाल कापड बांधलं. भोवतीच्या काटक्या उचलून जागा अशी साफ केली की कोणी रोज झाडतं असं वाटावं. हे सगळं इतकं नीट जमलं की मला माझंच भय वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आई हे करायची तेव्हा मी शेजारी बसलेली असायचे. हाताला सगळं आठवत होतं.

कॉलेजात मी पहिला करंडक जिंकला तो शेंदूर फासलेल्या दगडाविरुद्ध बोलून. तो करंडक या क्षणी माझ्या डोक्याच्या वर, फळीवर आहे. आज त्याच्याकडे बघितलं नाही.


३० एप्रिल

यंत्र दगडांपाशी आलं. बबलूने ब्रेक मारला. खाली उतरला. चप्पल काढली, आणि तापलेल्या मुरमात अनवाणी उभा राहून हात जोडले. विचारलं, “ताई, हे इथं कधीपासून?”

म्हणाले, “जुनं आहे. माती पडून बुजलं होतं. माझ्या आईने दाखवलं होतं.”

गेलेल्या आईला साक्षीला उभं केलं! एवढ्या सहज! शब्द अडखळलासुद्धा नाही.

जेसीबी मोठा वळसा घालून गेला. धाविकाची मादी अंड्यांवर बसून होती. वाचली. मला आनंद झाला — खोटं कशाला लिहू — चांगलाच आनंद झाला. तीन आठवडे. तेवढंच पाहिजे. पिल्लं फुटली, पळायला लागली, की दगड उचलून चरात टाकून देईन. कोणाला काय कळतंय.

“कोणाला काय कळतंय” हे वाक्य पुन्हा वाचलं. आपल्याच लोकांबद्दल हे मी लिहिलं. खोडत नाही.


३ मे

दगडांपुढे नारळ फोडलेला. हळद-कुंकू. बबलूने घरी सांगितलं असणार.

आज सकाळपासून तांड्यावर एकच बोलणं. आपली जुनी देवी कंपनीच्या माळात सापडली. अंजूच्या आईला ठाऊक होती.


६ मे

तांड्याचे नायक उत्तमसिंग स्वतः गेटवर आले. सोबत बायका. म्हणणं एवढंच की देवीला भोग लावायचा आहे, शुक्रवारी आत सोडा. मला वाटलं कपिल नाही म्हणेल. त्यानेच नाही म्हणावं, मी नाही म्हणायला नको, अशी माझी इच्छा होती. किती स्वच्छ दिसतं लिहिल्यावर!

कपिल तर खूश. गेट उघडतो, पाण्याचा टँकर लावतो, सावलीला कापड बांधतो, म्हणाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “वर्षभर हे लोक माझ्याशी बोलले नाहीत मॅडम. देवीनं काम केलं.”

मी तिथे उभी होते. नायक माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, तुझ्या आईनं तुला राखण दिली होती आणि तू राखलीस.”

हेल्मेट काढून हातात घेतलं. उगाच.


९ मे, शुक्रवार

आज जे झालं ते जसं झालं तसंच लिहिणार. एकही शब्द सजवणार नाही.

बायका दुपारच्या आधीच आल्या. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. मी अंड्यांच्या बाजूने चार काटक्या आडव्या ठेवल्या होत्या, तिकडे कोणी पाऊल टाकू नये म्हणून. कोणी टाकलंही नाही. किती जपून वागल्या सगळ्या! चपला लांब काढल्या, पोरांना मांडीवर घेतलं, पोर रांगत पुढे गेलं तर ओढून आणलं. देवीची जागा म्हणून कोणी थुंकलंसुद्धा नाही. गोवऱ्यांचा विस्तव केला, त्यावर तूप-गूळ सोडलं. गाणी सुरू झाली.

मादी पहिल्या माणसालाच उठून पळाली होती. लांब उभी. दोन पावलं पुढे, थबकली, पुन्हा मागे. नर तिच्यामागे. माझा अंदाज होता की अर्ध्या-पाऊण तासात आटोपेल. त्या उन्हात अंडी उबवायची नसतात, त्यांच्यावर सावली धरायची असते. पक्षी पंख सैल सोडून उभा राहतो, छत्रीसारखा. छत्री गेली की खालची जमीन तवा.

गाणी संपली. बायका उठायला लागल्या. आणि उत्तमसिंग म्हणाले, अंजूने दोन शब्द बोलावेत.

दोन शब्द! तेव्हाच मला सांगता आलं असतं. बायांनो, घरी चला, ऊन फार आहे. एवढंच. नुसतं एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं! पण सगळ्या परत खाली बसल्या, पदर सावरले, तोंडं वर केली. गेल्या महिन्यापासून या बायकांनी माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. त्यांची तोंडं अशी माझ्याकडे वळलेली मी विसरत चालले होते.

बोलले. माळावर बोलले, देवीवर बोलले, सात बहिणींवर, लमाणांच्या तांड्यांनी ज्या वाटा तुडवल्या त्या वाटांवर. कंपनीचं कुंपण देवीला अडवू शकलं नाही, असंही म्हणाले. आवाज चढला, उतरला, पुन्हा चढला. बायका रडल्या. बोलता बोलता मला धाविक दिसत होता! त्यांच्या डोक्यांच्या पलीकडे, इकडून तिकडे पळणारा. दिसत होता आणि मी पुढचं वाक्य शोधत होते.

सोनीबाई सगळ्यांत शेवटी उठल्या. दगडांपाशी वाकून पुष्कळ वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.


१० मे

मादी परतली आहे. अंड्यांवर उभी आहे. पंख सैल.


१५ मे

सोडून गेली. दोघंही.

एक अंडं उचललं, फोडलं. आतून घट्ट.


१६ मे

कामावर गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.

जेसीबीखाली गेलेल्या घरट्यासाठी मी किती जणांना दोषी धरलं! कंपनीला, बबलूला, घाईला, व्यवस्थेला. “व्यवस्था” हा शब्द मला फार आवडतो, त्याला तोंड नसतं. या अंड्यांचं काय? इथे यंत्र नव्हतं. हुकूम नव्हता. चांगल्या बाया होत्या, सावकाश पाय टाकणाऱ्या, आणि त्यांना उन्हात बसवून ठेवणारी मी.


२० मे

आज कपिलने सिमेंटची पोती उतरवून घेतली. दगडांसाठी पक्का ओटा, वर पत्र्याचं छप्पर. साहेबांनी मंजूर केलं म्हणे. ३० तारखेला, शुक्रवारी, मोठा भोग. शेजारच्या तांड्यांनाही आवतण. ओटा त्याआधी बांधायचा तर माणसं आत्तापासून लावावी लागतील, तुम्ही फक्त जागेवर उभ्या राहा, असं म्हणाला.

आणि मी उभी राहायला गेले तर — तीच जोडी! दगडांच्या आणखी जवळ. दिवसभर यंत्र या बाजूला फिरकत नाही, गुरं येत नाहीत, कुत्री येत नाहीत. पूर्ण माळावर हीच एक जागा शांत राहिली आहे. माझ्या खोट्याने राखलेली. त्यांनी तीच निवडली. मातीत पायाने खळगा केलाय.

कपिलला सांगितलं, सिमेंट कालवायला सध्या पाणी वापरू नका, टँकर कमी आहेत. त्याने लगेच मान्य केलं. ओटा भोगानंतर.

हे आणखी एक खोटं. आता मोजत नाही.


२२ मे

एक अंडं.


२३ मे

दोन.

भोग आठवड्यावर आला आहे. सगळे तांडे. दुपारभर.

वाट आहे. सोपी आहे. आत्ता भात शिजताना माझं मलाच सुचलं आणि शब्दसुद्धा तयार होऊन आले — “रात्री सपनात याडी आली, आपली देवीमाय. हिरवी ओढणी. म्हणाली, मला उन्हात बसवू नका, मिरग लागेपर्यंत माझ्याकडे कोणी येऊ नका.” बस. तांडा ऐकेल. कोणी एक प्रश्न विचारणार नाही. पक्षी वाचेल, माझं नाव वाचेल, नाव तर वाढेल!

हिरवी ओढणी. कुठून आली ती? माझ्या आईची होती.

कुकर बंद केला. जेवले नाही.


२५ मे, रविवार

सांगितलं.

नायकांच्या ओट्यावर नसाब बसली होती, तांड्याचा न्याय. कोणाच्या तरी बांधाचं भांडण होतं. ते मिटल्यावर मी उभी राहिले. सवयीने लोक सरसावून बसले. मी म्हणाले, भाषण नाही, माझा गुन्हा आहे. मग सरळ सांगितलं. दगड चरातले. शेंदूर बाजारातला. आईने मला काही दाखवलं नव्हतं. एक पक्षी आहे, जमिनीवर अंडी घालतो, त्याला यंत्रापासून वाचवायला केलं. आणि ९ तारखेला तुम्ही बसलात, मी बोलत राहिले, आणि अंडी उन्हाने मेली. आता पुन्हा घातली आहेत. शुक्रवारी कोणी येऊ नका.

इतकं छोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. शेवटची वाक्यं तर ऐकूच गेली नसावीत.

मग बबलू उठला. “मी चप्पल काढली होती,” म्हणाला. “फोड आले होते पायाले. तू बघून राह्यली होती.” ताई म्हणाला नाही. गेला.

कोणीतरी म्हणालं, कंपनीनं हिला शिकवलं असं बोलायला, देवीची जागा पाहिजे असंल त्याईले. दुसरं कोणी म्हणालं, दगड कोणीही ठेवो, ठेवायची बुद्धी कोणी दिली? मी तोंड उघडलं. या वाक्याला माझ्याकडे उत्तर आहे, करंडक मिळालेलं उत्तर आहे! मिटलं.

उत्तमसिंग म्हणाले, दंड काय लावायचा तो नंतर बघू. तांड्याला कंपनीपुढे हसू केलंस, हे दंडाने भरून येत नाही. शुक्रवारचं काय ते ठरलंच नाही.

सोनीबाई बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून होत्या. त्यांची मुलगी जमनी. घरात भांडण होऊन गेली, दोन वर्षं झाली, फोन घेत नाही. सगळ्या तांड्याला माहीत आहे, त्यांच्यासमोर कोणी बोलत नाही. त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या. रागावल्या नव्हत्या. खरंच विचारावं तसं विचारलं —

“मी तिथं वाकून जमनीसाठी रडली. बेटा, ते मग कोणी ऐकलं?”


२६ मे

आज काहीच लिहिण्यासारखं नाही.

माझी भाषणं, माझी पुस्तकं, दोन फळ्या भरून. त्या प्रश्नापुढे ठेवायला त्यात एक ओळ नाही.


२७ मे

सकाळी दाराची कडी वाजली. सोनीबाई. हातात शेळ्या हाकायची काठी, शेळ्या नाहीत.

“दाखव,” म्हणाल्या.

तारेच्या बाहेरून गेलो, लांबून, पळसाच्या आडोशाने. त्यांना दिसेना. मी बोट केलं, दगडांच्या ओळीच्या डाव्या अंगाला. मग त्यांना दिसलं. हसल्या — “हे होय? हे तर आमच्या पायातून पळते. आम्ही पळपुट्या म्हणतो याले.” म्हणजे नाव होतं त्याला! मी कधी विचारलं नव्हतं.

ऊन चढत गेलं तशी मादी अंड्यांवरून उठली आणि त्यांच्यावर उभी राहिली. पंख सोडले. चोच उघडी. धापा टाकत होती पण हलत नव्हती. सोनीबाई डोळ्यांवर हात धरून बघत राहिल्या. मी पाण्याची बाटली पुढे केली. घेतली नाही.

मग त्या, नजर तिकडेच ठेवून, म्हणाल्या, “आम्हाले का नाही सांगितलं?”

“काकी, मला वाटलं—”

“काय वाटलं?”

मला काय वाटलं होतं ते मला नीट माहीत आहे. कपिल थांबला नाही, तर मी यंत्रासमोर दुसऱ्या कोणाला उभं करू शकले असते? तांड्याला. पण तांड्याला पक्षी सांगायचं माझ्या मनातही आलं नाही. ज्यांच्यासाठी मी घसा फोडून बोलते, ज्यांच्या शहाणपणावर मी व्यासपीठावरून टाळ्या घेते, त्यांना खरं कारण पुरणार नाही असं मी धरूनच चालले होते. खरं सांगून बघितलंच नाही. एकदाही.

त्यांनीच म्हटलं. “देवीच्या नावानं थांबतील, पाखराच्या नावानं नाही थांबत. असंच ना?”

मान हलवली. त्यापेक्षा कानशिलात बसली असती तर बरं झालं असतं.

येताना अर्ध्या वाटेवर मी विचारलं, दगड काढू का? शेंदूर पुसून टाकते. त्या थांबल्या. जरा विचार केला. म्हणाल्या, “राहू दे. तू मांडले म्हणून तुझे नाही झाले ते. देवी आहे का नाही, मिरग लागला की मी पाहीन. आत्ता कोणी जायचं नाही तिकडं. तूसुद्धा.”

घरापाशी आल्यावर काठीने अंगणातला दगड उगाच सरकवला आणि म्हणाल्या, जमनीचा फोन लावून देशील का, तुझ्या नंबरावरून, माझा उचलत नाही. लावला. वाजत राहिला. उचलला नाही.

उद्या पुन्हा लावते, म्हणाले. त्या “हो” म्हणाल्या.


२९ मे

कपिल गेट उघडायच्या तयारीत आहे. टँकर, कापड, खुर्च्या. त्यालाही सगळं सांगितलं. गालात हसला. “मला वाटलंच होतं मॅडम. पण आता आवतण गेलं. लोकं येतील. मी अडवलं तर मलाच मारतील.” खरं आहे. तो अडवणार नाही. मीच अडवायचं.

बाकीचे तांडे मला ओळखतात ते व्यासपीठावरची अंजू म्हणून. आमच्या तांड्यातले माझ्याशी बोलत नाहीत. उद्या गेटवर उभी राहून काय म्हणायचं ते लिहायला बसले होते. चार वेळा लिहिलं. पहिलं फार सुंदर झालं, म्हणून फाडलं. दुसरं रडवेलं. तिसऱ्यात पुन्हा मीच होते, मी, माझी लाज, माझा पश्चात्ताप, जणू अंडी माझी आहेत. चौथं अजून समोर आहे. त्यात “बंधू-भगिनींनो” आहे. शी!


३० मे, शुक्रवार

मी पोहोचले त्याआधीच सोनीबाई गेटमध्ये उभ्या होत्या. काठी आडवी धरून. त्यांच्या मागे, गेटच्या तोंडाशी, जेसीबी आडवा लावलेला. बबलू वर बसून. माझ्याकडे बघितलं नाही.

ट्रॅक्टर भरभरून बायका आल्या. डोक्यावर ताटं, तुपाच्या चरव्या. मी खिशातला कागद काढला. सोनीबाईंनी मागे न बघताच हाताने मला थांब म्हटलं. आणि त्या सगळ्यांना, आधी आमच्या गोरबोलीत, मग मराठीत, घरच्या बाईला सांगावं तसं सांगितलं —

“पाखरू अंड्यावर आहे. ऊन चढायच्या आत घरी चला.”